तापपट्टी, ट्रान्सफॉर्मर आणि घनावस्था स्विच

पाकीट बंद करणारे यंत्र

वैनगंगेच्या काठचा पवनी तालुका धानाचा. भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. असा सुवासिक तांदूळ पोत्याऐवजी एक-दोन किलोच्या पाकिटांत विकायचा, तर पाकिटाचे तोंड हवाबंद होणे महत्त्वाचे ठरते. जोड गळका राहिला की सुवास उडतो, दमटपणा आत शिरतो आणि सोंडे लागतात. किराणा दुकानांत आणि बचत गटांच्या पॅकिंगच्या खोल्यांत हे काम हाताने किंवा पायाने दाबायचे सीलिंग मशीन करते. त्याचे मुख्य अवयव तीनच: विजेवर तापणारी अरुंद पट्टी, तिला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर आणि ती किती वेळ तापावी हे ठरवणारा स्विच. जुन्या यंत्रांत हा स्विच यांत्रिक असे. नव्या आणि दुरुस्त केलेल्या यंत्रांत तो अर्धवाहकाचा असतो. त्यामुळे यंत्राचे आयुष्य वाढले, पण बिघाडाची तऱ्हाही बदलली. ही नवी तऱ्हा अधिक धोकादायक आहे.

पट्टीची रचना

पट्टी निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची असते. अल्बर्ट मार्श यांना या मिश्रधातूचे अमेरिकन पेटंट १९०६ मध्ये मिळाले आणि विजेच्या शेगडीपासून इस्त्रीपर्यंतची उपकरणे त्यावर उभी राहिली. नायक्रोमचा रोध तांब्याच्या साठ पटींहून अधिक असतो, तापल्यावर तो फारसा बदलत नाही आणि पृष्ठभागावर तयार होणारा ऑक्साइडचा थर आतील धातूचे रक्षण करतो. सीलिंग मशीनमध्ये पट्टीच्या खाली उष्णतारोधक पाया असतो, वर टेफ्लॉनचे तपकिरी कापड असते आणि समोरच्या जबड्यात सिलिकॉन रबराची पट्टी बसवलेली असते. पट्टीची टोके घट्ट आवळलेली नसून स्प्रिंगने ताणलेली असतात. तीस सेंटिमीटरची पट्टी दीडशे अंशांनी तापली की सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक लांबते. स्प्रिंगने ही लांबी ओढून घेतली नाही, तर पट्टी मध्ये फुगते, टेफ्लॉनपासून सुटते आणि तेवढ्या जागी जास्त तापून तुटते.

आकडे काय सांगतात

तीस सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाड पट्टीचा रोध सुमारे १.१ ओम येतो. तिला २० व्होल्ट दिले, तर १८ अँपिअरच्या आसपास धारा वाहते आणि सुमारे ३६५ वॉट उष्णता निर्माण होते. या पट्टीचे वजन मात्र एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर तिचे तापमान सेकंदाला हजार अंशांच्या वेगाने वाढेल. प्रत्यक्षात टेफ्लॉन, रबर आणि पॉलिथिन बरीच उष्णता शोषतात, म्हणून पाकीट बंद करायला अर्धा ते एक सेकंद लागतो. पातळ पॉलिथिन सुमारे ११० ते ११५ अंशांना वितळते, तर टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत सतत टिकते आणि त्याहून बरेच वर गेले की विघटन पावून विषारी वाफा सोडते. ही पट्टी काही सेकंद तशीच चालू राहिली, तर ती लाल होते. योग्य काम आणि नुकसान यांच्यात एवढ्याच वेळाचे अंतर आहे. म्हणून या यंत्रात तापमानाचे नियंत्रण हे वस्तुतः वेळेचे नियंत्रण असते.

ट्रान्सफॉर्मर कशासाठी

एक ओमची पट्टी थेट २३० व्होल्टला जोडली, तर दोनशे अँपिअरहून अधिक धारा वाहू लागेल आणि पट्टी क्षणात वितळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो आणि त्याच प्रमाणात धारा वाढवतो. त्याचे दुसरे काम विलगीकरणाचे. प्राथमिक गुंडाळी फेज-न्यूट्रलला जोडलेली असते, द्वितीयक गुंडाळी तिच्यापासून विद्युतरोधनाने वेगळी असते आणि दोघींमधील दुवा फक्त लोखंडी गाभ्यातील चुंबकीय अभिवाहाचा असतो. कापड फाटून पट्टीला हात लागला, तरी तेथे वीसच व्होल्ट असतात. चटका बसेल, शॉक बसणार नाही. डिमरस्टॅट या नावाने बाजारात मिळणारा, मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर या कामी एकटा वापरू नये. त्यात एकच गुंडाळी असल्याने विलगीकरण नसते. मूठ वीस व्होल्टवर असली, तरी फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाल्यास पट्टीवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात.

यांत्रिक रिलेची मर्यादा

मिनिटाला दहा पाकिटे आणि दिवसाला सहा तास काम धरले, तर स्विच दररोज ३,६०० वेळा चालू-बंद होतो. साध्या रिलेचे विद्युत आयुष्य साधारण एक लाख वेळा चालू-बंद होण्याचे गृहीत धरतात. ते महिन्याभरात संपते. प्रत्येक वेळी संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते, धातू झिजतो आणि अखेर बिंदू एकमेकांना चिकटतात. रिलेला चालू-बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात आणि जुना झाल्यावर हा वेळ बदलत जातो. त्यामुळे एकाच आकड्यावर ठेवलेल्या डायलवर सकाळचा जोड कच्चा आणि दुपारचा जळका, असे होऊ लागते.

घनावस्था स्विचचे कार्य

सिलिकॉनच्या चार थरांचा थायरिस्टर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये प्रत्यक्षात आला. गेटला छोटासा संकेत मिळाला की तो वाहू लागतो आणि धारा शून्यावर येईपर्यंत वाहतच राहतो. संकेत काढून घेतला तरी थांबत नाही. प्रत्यावर्ती धारा प्रत्येक अर्धआवर्तनात शून्यातून जाते, म्हणून तो दर दहा मिलिसेकंदांनी आपोआप बंद होण्याची संधी घेतो. दोन उलटसुलट थायरिस्टर एकत्र आणले, की दोन्ही दिशांना चालणारा ट्रायॅक होतो. त्याच्या गेटमागे प्रकाश-विलगक असतो: एका बाजूला प्रकाश देणारा डायोड, समोर प्रकाशाने जागा होणारा छोटा ट्रायॅक, मध्ये पारदर्शक विद्युतरोधक. हे सारे एका डबीत भरले की घनावस्था रिले, म्हणजे एसएसआर होतो. टायमरच्या पाच-बारा व्होल्टच्या सर्किटचा आणि २३० व्होल्टचा संबंध केवळ प्रकाशातून येतो. हलणारा भाग नाही, ठिणगी नाही, आवाजही नाही.

प्राथमिक बाजूला की द्वितीयक

वरील उदाहरणात द्वितीयक बाजूची धारा १८ अँपिअर आहे. प्राथमिक बाजूची जेमतेम १.६. वाहणाऱ्या ट्रायॅकवर सुमारे १.३ व्होल्ट खर्च होतात. द्वितीयक बाजूला हा स्विच बसवला, तर वीसपैकी १.३ व्होल्ट तेथेच जातात आणि स्विचमध्ये जवळपास २४ वॉट उष्णता तयार होते. प्राथमिक बाजूला ती दोन वॉट असते. शिवाय अनेक एसएसआर २४ व्होल्टच्या खाली नीट चालूच होत नाहीत. म्हणून बहुतेक यंत्रांत स्विच प्राथमिक बाजूलाच असतो. द्वितीयक बाजूचा पर्याय निकामी नाही. तेथे ट्रायॅकऐवजी पाठीला पाठ लावलेले दोन मॉस्फेट घेतले आणि प्रत्येकाचा रोध पाच मिलिओम असला, तर उष्णता तीन-सव्वातीन वॉटवर येते. ट्रान्सफॉर्मर सकाळी एकदाच चालू होतो आणि दिवसभर तसाच राहतो, त्यामुळे पुढे वर्णन केलेला धारेच्या पहिल्या ठोक्याचा प्रश्न दिवसातून एकदाच येतो. त्याची किंमत म्हणजे रिकाम्या ट्रान्सफॉर्मरची सततची थोडी हानी आणि काहीसे गुंतागुंतीचे सर्किट.

शून्यछेदाचा घोटाळा

साध्या हीटरसाठी शून्यछेदी एसएसआर उत्तम मानला जातो. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच तो चालू होतो, त्यामुळे धारा हळुवार वाढते आणि रेडिओ-गोंगाट कमी होतो. हाच नियम ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला जसाच्या तसा लावला, की फसगत होते. कारण तेथील भार पहिल्या क्षणी पट्टीचा नसतो, लोखंडी गाभ्याचा असतो.

गाभ्यातील अभिवाह व्होल्टेजच्या मागे पाव आवर्तन चालतो. व्होल्टेज शिखरावर असते तेव्हा अभिवाह शून्य असतो, आणि व्होल्टेज शून्य असते तेव्हा अभिवाह टोकाला असतो. यंत्र चालू असताना एका अर्धआवर्तनात अभिवाह ऋण टोकापासून धन टोकापर्यंत जातो, म्हणजे दोन एककांचा प्रवास करतो. बंद यंत्रात मात्र तो ऋण टोकाला नसून शून्याजवळ असतो. अशा वेळी व्होल्टेजच्या शून्यछेदाला स्विच चालू केला, तर अभिवाह शून्यापासून निघून दोन एककांवर पोहोचू पाहतो. गाभ्याची क्षमता एक एकक आणि त्यावर थोडीशीच असते. अर्धे भरलेल्या हंड्यात पूर्ण हंडाभर पाणी ओतावे, तसे उरलेले सारे बाहेर सांडते. गाभा संपृक्त होतो, त्याचा अडथळा नाहीसा होतो आणि धारेला फक्त प्राथमिक गुंडाळीच्या तांब्याचा रोध उरतो. चारशे वॉटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो चार-पाच ओम धरला, तर नेहमीच्या १.६ अँपिअरच्या जागी पहिला ठोका पन्नास-साठ अँपिअरचा असू शकतो. दोन-चार आवर्तनांत तो ओसरतो, पण दर पाकिटाला तो बसत राहिला, तर ट्रायॅकची चकती दमते, एमसीबी अवेळी पडतो आणि ट्रान्सफॉर्मर प्रत्येक दाबाला ‘ठक्’ असा आवाज करतो. हा आवाज ऐकू आला, की स्विचची वेळ चुकत आहे असे खुशाल समजावे.

उरलेले चुंबकत्व

याला आणखी एक बाजू आहे. स्विच बंद झाल्यावर गाभ्यातील चुंबकत्व पूर्ण जात नाही. पट्टीचा भार जवळजवळ शुद्ध रोधाचा असल्याने धारा आणि व्होल्टेज एकाच वेळी शून्यावर येतात. ट्रायॅक त्या क्षणी सुटतो आणि अभिवाह नेमका टोकाला असतानाच सोडला जातो. शेवटचे अर्धआवर्तन ऋण असेल, तर गाभ्यात ऋण चुंबकत्व उरते. पुढची सुरुवात धन अर्धआवर्तनाने केली, तर अभिवाह त्या ऋण पातळीवरून वर चढतो आणि संपृक्तता टळते किंवा सौम्य होते. तीच सुरुवात ऋण अर्धआवर्तनाने झाली, तर उरलेले आणि नवे एकाच दिशेने साचतात आणि ठोका सर्वांत मोठा बसतो. जोड नसलेल्या वर्तुळाकार गाभ्यात उरलेले चुंबकत्व अधिक असते. पत्र्याच्या पट्ट्या रचून केलेल्या गाभ्यात सांध्यांतील बारीक फटींमुळे ते कमी असते. काही यंत्रे एके दिवशी बिनतक्रार चालतात आणि दुसऱ्या दिवशी दर तिसऱ्या दाबाला एमसीबी पाडतात, याचे कारण बहुधा येथे सापडते.

योग्य वेळ साधण्याच्या रीती

सर्वांत सोपी रीत म्हणजे शून्यछेदी एसएसआर न घेता तत्काळ चालू होणारा घेणे आणि पहिला संकेत व्होल्टेजच्या शिखरावर देणे. त्या क्षणी अभिवाह शून्यच असायला हवा, म्हणून गाभ्याला धक्का बसत नाही. पुढची अर्धआवर्तने पूर्ण वाहू दिली जातात. सुट्या भागांतून सर्किट बांधताना प्रकाश-विलगकाची निवड येथे निर्णायक ठरते: एमओसी ३०२१ तत्काळ चालू होणारा आहे, एमओसी ३०४१ शून्यछेदी. दिसायला दोन्ही सारखेच सहा पायांचे असतात आणि दुरुस्तीत एकाच्या जागी दुसरा सहज बसतो.

दुसरी रीत मंद आरंभाची. पहिल्या काही अर्धआवर्तनांत ट्रायॅक अगदी शेवटी चालू करायचा आणि ही वेळ क्रमाने अलीकडे आणायची. गाभा हळूहळू आपल्या नेहमीच्या लयीत येतो. पाच आवर्तने, म्हणजे एक दशांश सेकंद त्यासाठी पुरेसे असतात.

तिसरी रीत मोजणीची आहे आणि सीलिंगच्या कामाला ती विशेष शोभते. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे. वरील पट्टीला प्रत्येक आवर्तनात सुमारे सात जूल उष्णता मिळते. ०.६ सेकंद म्हणजे तीस आवर्तने. मायक्रोकंट्रोलर नेहमी पूर्ण आवर्तनेच सोडतो, नेहमी धन अर्धाने सुरू करतो आणि ऋण अर्धाने संपवतो. उष्णतेचे माप नेमके होते आणि उरलेल्या चुंबकत्वाचा हिशेबही प्रत्येक वेळी अनुकूल बाजूला राहतो. अगदी पहिल्या दाबाला मात्र गाभ्याची मागील स्थिती माहीत नसते, म्हणून तेथे मंद आरंभ जोडणे इष्ट.

एकतर्फी वहनाचा धोका

ट्रान्सफॉर्मरला धन आणि ऋण अर्धे समान मिळायला हवीत. ट्रायॅकचा एक अर्धा वाहिला आणि दुसरा नाही, तर प्राथमिक गुंडाळीवर सरासरी शंभर व्होल्टच्या वर दिष्ट दाब येतो आणि धारा वीस अँपिअरकडे धावते. ट्रान्सफॉर्मर काही सेकंदांत वास सोडू लागतो. असमानता थोडी असली, तरी ती दुर्लक्षिता येत नाही: एका व्होल्टचा दिष्ट घटकसुद्धा पाव अँपिअरच्या आसपास धारा ढकलतो, आणि ती गाभ्याच्या स्वाभाविक चुंबकन धारेच्या तोडीची असते. म्हणून पंख्याचा किंवा दिव्याचा स्वस्त रेग्युलेटर ट्रान्सफॉर्मरपुढे जोडू नये. त्यातील दोन्ही अर्ध्यांच्या वेळा हुबेहूब जुळण्याची हमी नसते.

पट्टी तुटल्यावर याच धोक्याचे आणखी एक रूप दिसते. भार नाहीसा होतो, उरलेली धारा अगदी अल्प आणि व्होल्टेजच्या बरीच मागे पडलेली असते. गेटला आखूड संकेत दिला असेल, तर तो संपेपर्यंत ट्रायॅकमधील धारा टिकून राहण्याइतकी वाढलेलीच नसते आणि एखादे अर्धे गळते. यावर उपाय म्हणजे गेटचा संकेत आखूड न ठेवता अर्धआवर्तनाच्या शेवटापर्यंत लांबवणे.

संरक्षक जोडण्या

प्रवर्तकीय भार तोडताना ट्रायॅकवर व्होल्टेज एकदम उसळते. ते सावरण्यासाठी त्याच्याशी समांतर शंभर ओमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीने जोडतात. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणून ट्रायॅक किमान ६०० व्होल्टचा, शक्य तर त्याहून वरचा घेतात आणि विजा-वाऱ्याच्या दिवसांतील उसळ्यांसाठी २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर लावतात. १.६ अँपिअरसाठी २५ अँपिअरचा एसएसआर निवडणे उधळपट्टी वाटते, पण ती क्षमता नेहमीच्या धारेसाठी नसून पहिल्या ठोक्यासाठी असते. बाजारात नावाजलेल्या छापाच्या नकला मिळतात. डबीवर चाळीस अँपिअर लिहिलेले आणि आत त्याहून बरीच लहान चकती. किंमत विलक्षण कमी असेल, तर लिहिलेल्या आकड्याच्या अर्ध्यावरही विसंबू नये.

चालूच राहणारा बिघाड

यांत्रिक रिले बिघडला, तर तो कधी चिकटतो, कधी उघडाच राहतो. ट्रायॅक बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा आतील सिलिकॉन वितळून दोन्ही टोके एक होतात, म्हणजे तो कायमचा चालू राहतो. टायमर बंदचा संकेत देतो, लाल दिवा विझतो आणि पट्टी मात्र तापतच असते.

या वेळी नेहमीची संरक्षणे काय करतात, हे पाहणे उद्‌बोधक आहे. एमसीबीला काहीच वावगे दिसत नाही, कारण धारा नेहमीचीच, १.६ अँपिअर आहे. फ्यूजचेही तसेच. गळती पकडणारा आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधील फरक मोजतो. येथे फरक शून्य आहे. ट्रान्सफॉर्मरमधील तापफ्यूज गुंडाळी गरम होईपर्यंत थांबतो, तोवर एक ग्रॅमहून हलकी पट्टी केव्हाच लाल झालेली असते. प्रत्येक साधन आपले काम चोख करत असते, पण हे काम त्यांच्यापैकी कोणाचेच नाही. म्हणून उष्णता नियंत्रित करणारा स्विच आणि ती तोडणारा स्विच एकच असू नये, हे या रचनेचे मुख्य तत्त्व.

दुसरा, स्वतंत्र स्विच

एसएसआरच्या आधी ओळीने एक विद्युतचुंबकीय कॉन्टॅक्टर ठेवतात. काम सुरू करताना आधी कॉन्टॅक्टर लागतो, मग एसएसआर. बंद करताना आधी एसएसआर, मग कॉन्टॅक्टर. त्यामुळे कॉन्टॅक्टरच्या बिंदूंवर चालू धारा तोडण्याची वेळ येत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याला सोडण्याचा हुकूम टायमरच्या सर्किटकडून नव्हे, तर वेगळ्या सर्किटकडून यायला हवा. ते सर्किट फक्त एकच गोष्ट पाहते: बंदचा संकेत असताना प्राथमिक तारेतून धारा वाहते आहे काय. तारेभोवती बसवलेला छोटा धारा-ट्रान्सफॉर्मर हे सांगतो. धारा दिसली, की कॉन्टॅक्टर पडतो आणि हाताने पूर्ववत केल्याशिवाय लागत नाही. जोडीला एक साधी कालमर्यादाही असावी. कोणत्याही कारणाने पट्टी तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ सलग चालू राहिली, तर पुरवठा तुटावा. मायक्रोकंट्रोलर अडकला, संकेताची तार शॉर्ट झाली, जबड्याचा मायक्रोस्विच दाबलेलाच राहिला, अशी सर्व कारणे या एका मर्यादेत येतात.

सतत तापणाऱ्या जबड्यांच्या यंत्रांत थर्मोकपल आणि पीआयडी नियंत्रक असतो. तेथे थर्मोकपलची तार तुटली, तर चांगला नियंत्रक उष्णता बंद करतो. थर्मोकपल न तुटता केवळ जबड्यातून निसटले, तर मात्र ते हवेचे तापमान सांगते आणि नियंत्रक पूर्ण उष्णता देत राहतो. म्हणून जबड्यावरच बसवलेला स्वतंत्र थर्मोस्टॅट किंवा तापफ्यूज अपरिहार्य ठरतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्या कक्षाची आणि सीलिंग मशीनची तुलना होऊ शकत नाही. पण बालकांना ऊब देणाऱ्या उपकरणांपासून पॅकिंगच्या टेबलापर्यंत, जेथे हीटर ज्वलनशील वस्तूंच्या सान्निध्यात चालतो, तेथे विद्युत बिघाड होणारच असे धरून रचना करावी लागते. या जिल्ह्यात तरी हे वेगळे सांगायला नको.

अर्थिंगचे स्थान

यंत्राचे धातूचे अंग आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा अर्थिंगला जोडलेला असतो. द्वितीयक गुंडाळीचे एक टोकही अर्थ केले, तर दोन गुंडाळ्यांमधील विद्युतरोधन फुटल्यावर धारा अर्थकडे वाहते आणि आरसीसीबी पडतो. ते टोक मोकळे ठेवले, तर फुटलेले विद्युतरोधन कोणालाही न कळता पट्टीवर २३० व्होल्ट आणू शकते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून काम करणाऱ्या व्यक्तीसाठी हा फरक जिवाचा आहे.

व्होल्टेज आणि उन्हाळा

उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उन्हाळी धानाच्या हंगामात कृषिपंप चालू असताना एखाद्या रोहित्रावर २०० व्होल्टच मिळाले, तर पट्टीला ७६ टक्केच उष्णता मिळते. रात्री भार उतरून २५० झाले, तर ११८ टक्के. डायल तोच, जोड निराळा. आवर्तने मोजणारा नियंत्रक पुरवठ्याचे व्होल्टेजही मोजत असेल, तर तीसऐवजी चाळीस आवर्तने सोडून ही तूट भरून काढतो. अर्धवाहकाचा खरा लाभ मला येथे दिसतो; यांत्रिक टायमरला हे जमत नाही.

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या पार जातो आणि बंद पेटीतील हवा त्याहून दहा अंशांनी अधिक तापते. द्वितीयक बाजूचा, २४ वॉट सतत सोडणारा ट्रायॅक दर वॉटला दीड अंश चढणाऱ्या उष्णताशोषकावर बसवला, तर त्याचा तळ ५५ अधिक ३६, म्हणजे ९१ अंशांवर जातो. माहितीपत्रकातील अँपिअरचा आकडा थंड तळासाठी असतो. इतक्या तापलेल्या तळाला त्यातील थोडाच भाग शिल्लक राहतो. शोषकाचे पंख उभे ठेवणे, पेटीला खाली-वर जाळी देणे आणि कोंड्याची धूळ वेळच्या वेळी झाडणे, यांचा परिणाम महागड्या एसएसआरपेक्षा अधिक होतो.

इतर उपयोग

थर्माकोल कापणारी तापतार याच जातीची आहे, फक्त ती सतत तापलेली असते. राज्यातील २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलच्या वस्तूही आल्या आणि सजावटीचा वापर आटला. पॅकिंगचे आणि उष्णतारोधनाचे साचे कापायला मात्र ही तार लागते. ती इतकी बारीक असते, की एक सेकंद चालू आणि एक सेकंद बंद अशा पद्धतीने तिचे तापमान डोळ्यांदेखत वर-खाली होते. तेथे कलानियंत्रण किंवा अगदी आखूड आवर्तनसमूह लागतात. सोल्डरिंग स्टेशनच्या टोकाला वस्तुमान अधिक असल्याने पूर्ण आवर्तनांची मोजणी तेथे पुरते.

तपासणी

बंद एसएसआर म्हणजे तुटलेली तार नव्हे. समांतर लावलेल्या कपॅसिटरमधून ५० हर्ट्झला सुमारे सात मिलिअँपिअर धारा झिरपत असते, त्यामुळे पट्टी किंवा टेफ्लॉन बदलताना प्लग उपसणे हाच एकमेव भरवशाचा मार्ग. याच झिरपण्यामुळे ट्रान्सफॉर्मर सुटा करून एसएसआरच्या पुढे मल्टिमीटर लावला, तर तो बंद स्थितीतही जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि चांगला एसएसआर शॉर्ट समजून फेकला जातो. ट्रान्सफॉर्मरच्या जागी साठ वॉटचा तारेचा बल्ब जोडल्यास निदान पक्के होते: बंद संकेताला बल्ब विझलेला राहिला, तर एसएसआर ठीक, पूर्ण उजळला, तर शॉर्ट, निम्माच उजळला, तर एक अर्धा गेलेला आणि ट्रान्सफॉर्मर जोडण्याआधीच तो बदलायला हवा. एलईडी बल्ब या चाचणीला चालत नाही, कारण झिरपणाऱ्या सात मिलिअँपिअरवरही तो मिणमिणतो.